नोटिशीत दुरुस्तीलाही जागा द्या

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
तसेच नगररचना विभागाचे अधिकारी आणि हेरिटेज समितीचे सदस्य

विषय : पेठांमधल्या जुन्या घरांसाठी दुरुस्ती परवानगीची स्वतंत्र, सोपी वाट असावी

स. न. वि. वि.

वळीव पडून गेले, मिरगाची चाहूल लागली की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, गंगावेस या भागांत धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. धोकादायक भाग तातडीने उतरवून घ्यावा, तसे न केल्यास होणाऱ्या जीवित आणि वित्तहानीस मालक जबाबदार राहील, असा त्यांचा आशय असतो. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. याच पेठांत राहते आणि अशाच घरांची तपासणी आणि दुरुस्ती करते. नोटिसा काढूच नका, असे मी म्हणणार नाही. अरुंद बोळात भिंत फुगून उभी असेल आणि तिच्याखालून शाळेची पोरे जात असतील, तर तिथे चर्चेला वेळ नसतो. पण नोटीस मिळालेल्या प्रत्येक घराला उतरवणे हाच इलाज असतो का? माझ्या अनुभवात बहुतेकांना नसतो. तरीही घर उतरते, कारण दुरुस्ती करायची म्हटली तर नेमके कुठे जायचे, कोणता अर्ज करायचा, कोणाची सही घ्यायची, हे मालकाला कोणी सांगत नाही.

कायद्यात ही वाट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला बांधकाम पाडायला सांगू शकतात, आधार देऊन सुरक्षित करायला सांगू शकतात, हटवायला सांगू शकतात किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. कलम २६५अ नुसार तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र लागते. शासनाच्या सूचनांप्रमाणे धोकादायक इमारतींचे चार वर्ग करायचे असतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२ब म्हणजे माणसे आत राहत असताना दुरुस्ती करता येईल अशी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. म्हणजे चारपैकी तीन वर्गांत दुरुस्तीच अपेक्षित आहे.

अडचण वर्ग ठरवताना सुरू होते. आज तपासणीची जी साधने सर्रास वापरली जातात, ती काँक्रीटसाठी आहेत. हातोड्यासारखे उपकरण पृष्ठभागावर दाबून काँक्रीटची ताकद अंदाजायची, ध्वनिलहरी सोडून आतल्या भेगा ओळखायच्या, आतली सळी किती गंजली ते बघायचे. पेठेतल्या घरात काँक्रीटच नाही. काळ्या दगडाचे जोते, वर मातीत किंवा चुन्यात रचलेली दीड-दोन फुटांची भिंत, सागवानी खांब, त्यावर तुळया, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचे छत) आणि वर मंगलोरी कौले. अशा घराला काँक्रीटची फूटपट्टी लावली तर ते नापासच होणार. इथे ओळंबा लावून भिंत किती कलली ते बघावे लागते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून पावसाळाभर ठेवावी लागते, म्हणजे ती तडकते की नाही यावरून भेग जुनी आहे की अजून वाढते आहे ते कळते. आणि लाकूड सुतारासोबत तपासावे लागते.

एका वाड्यातले उदाहरण देते. सोप्यावरची तुळई खचली होती, वरच्या मजल्याची फरशी एका बाजूला उतरली होती, खाली भिंतीला जोत्यापासून छातीइतक्या उंचीपर्यंत लोणा (ओलीमुळे येणारा खार) लागला होता. बघणाऱ्याला वाटावे, आता हे घर संपले. सुताराने टोकदार आर घेतली आणि तुळईच्या मधल्या भागात दाबली. ती आत शिरेना. मग तो टेकू लावून भिंतीपाशी गेला. तिथे आर मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर काढली तर तिच्याबरोबर ओला भुसा आला. अख्खी तुळई ठणठणीत होती, कुजले होते ते फक्त भिंतीत गाडलेले वीतभर टोक. कारण भिंतीच्या बाहेरच्या बाजूला होते. पूर्वी कधीतरी कुणीतरी चांगल्या हेतूनेच बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता आणि वरची पत्र्याची पन्हळ फुटली होती. फुटक्या पन्हळीचे पाणी भिंतीत उतरत होते आणि गिलाव्यामुळे बाहेर पडू शकत नव्हते. चुन्याचा गिलावा ओल शोषतो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. मग ती ओल सर्वात मऊ जागा शोधते, आणि भिंतीत ती जागा म्हणजे लाकडाचे टोक.

दुरुस्ती अशी झाली. तुळईला खालून टेकू दिले, कुजलेले टोक कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला आणि दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या लावून बोल्ट आवळले. त्या पट्ट्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने माप घेऊन करून दिल्या. ज्या शहरात ओतकाम आणि मशिनिंगची अशी परंपरा आहे, तिथे जुन्या घरासाठी पट्टी, कडी, ताण-सळई करून घेणे दुसऱ्या कुठल्याही गावापेक्षा सोपे आहे. तुळईच्या नव्या टोकाभोवती भिंतीत हवा खेळेल इतकी पोकळी सोडली. बाहेरचा सिमेंट गिलावा खरवडून काढला, सांधे चुन्याने भरले, पन्हळ बदलली. त्या वाड्यात आज तीन पिढ्या राहतात. तो पाडला असता तर पहिल्यांदा गेले असते ते लाकूड. शंभर वर्षे वाळलेल्या जुन्या सागवानाला बाजारात किती मागणी आहे, हे आपल्याला ठाऊक असेल. पेठेतले खांब आणि दरवाजे ट्रकमध्ये चढतात आणि कुठल्यातरी फार्महाऊसच्या किंवा हॉटेलच्या दारात शोभेला उभे राहतात. मला हे बघताना फार वाईट वाटते.

आता एक गंभीर आक्षेप, जो खोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि धाब्याच्या सपाट छपरांच्या जड मातीखाली गेली. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडे अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात येतो. मग दगडमातीची घरे कशाला राखायची, असे कोणी विचारले तर त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. किल्लारीच्या घरांत भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगडी थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते किंवा अगदी कमी होते, म्हणून भिंती मधून उकलल्या. छपरांवर मातीचा भार प्रचंड होता. आणि छप्पर, भिंत, खांब हे एकमेकांना बांधलेले नव्हते. या तिन्हींवर उपाय माहीत आहेत आणि करता येतात. ठराविक अंतरावर भिंतीत आरपार दगड किंवा आरपार सळ्या बसवायच्या, मजल्याच्या पातळीवर चारही भिंती पोलादी ताण-सळयांनी आवळायच्या, कडीपाटाला आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी घट्ट करायचे, छपरावरचा भार कमी करायचा. दगड-विटांच्या इमारतींची भूकंपाच्या दृष्टीने तपासणी आणि बळकटी कशी करायची याचे भारतीय मानक आहे, क्रमांक १३९३५. किल्लारीनंतर राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला, त्यात जुनी घरे दुरुस्त आणि बळकट करण्याचाही भाग होता. कोल्हापुरातल्या पेठेतल्या घरांचे एक बरे आहे. त्यांच्यात सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा असतो आणि कौलारू छप्पर हलके असते. सांगाडा सांधला, बांधला, की निम्मे काम झाले.

पर्यावरणाबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण त्या आपण वेगळ्या बैठकांत ऐकतच असाल. सिमेंटसाठी भट्टी साधारण १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, चुन्याला ९०० अंशांच्या आसपास पुरतात. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो. चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो, म्हणजे भाजताना जो वायू सुटला त्यातला काही भाग भिंतीत परत येतो. ही झाली एक. दुसरी अशी की उभे घर पाडले की त्यात आधीच घातलेला दगड, लाकूड, वीट, मजुरी सगळे वाया जाते, शिवाय राडारोडा नेऊन टाकायला जागा लागते. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम २०१६ सालीच आले. तरी जयंती नाल्याच्या काठाने एक फेरी मारली तर तो राडारोडा कुठे जातो ते दिसते. नाला अरुंद झाला की पुढच्या पुरात पाणी कुणाच्या घरात शिरते, हेही आपल्याला माहीत आहे.

पुराचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे जास्त बोलते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांनी शहराला जे शिकवले ते जुन्या घरांच्या बाबतीत अजून कुठे लिहून ठेवलेले नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेले. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, पंचगंगा तालमीचा परिसर, शुक्रवार पेठेचा खालचा भाग, इथल्या घरांत दिवसेंदिवस पाणी होते. नंतर मी ज्या ज्या घरांत गेले तिथे फरक स्पष्ट दिसला. काळ्या दगडाचे जोते आणि चुन्याचे काम असलेल्या भिंती दसऱ्या-दिवाळीपर्यंत सुकल्या. जिथे आतून प्लास्टर ऑफ पॅरिस, प्लायवूड, भुश्याच्या फळ्यांची कपाटे आणि टाइल्स लावल्या होत्या, तिथे सगळे उखडून फेकावे लागले आणि टाइल्समागची भिंत दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ओली राहिली. कच्च्या विटांच्या किंवा नुसत्या मातीच्या भिंती मात्र विरघळतात, तिथे पाण्याच्या पातळीपर्यंत दगड-चुन्याचे काम करून घ्यायलाच हवे. पूररेषेच्या आत नवी उंच इमारत उभी करण्यापेक्षा तिथली जुनी घरे पूर सोसतील अशी करणे जास्त शहाणपणाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. वीजमीटर आणि मुख्य बोर्ड वरच्या मजल्याच्या पातळीवर न्यायचा, खालच्या मजल्यावर उचलून नेता येईल असेच सामान ठेवायचे, खाली शहाबादी फरशी आणि चुना, वर झोपण्याच्या खोल्या, आणि पाणी ओसरल्यावर भिंतीला लगेच रंग न लावता तिला सुकू द्यायचे. यातले काहीही खर्चिक नाही.

जुने घर राहण्याजोगे करायचे म्हणजे फक्त उभे ठेवायचे असे नाही, हेही खरे. सूनबाई म्हणतात, या अंधाऱ्या माजघरात मी का राहू? त्यांचे बरोबर आहे. संडास परड्यात, पायऱ्या उभ्या, बाथरूम नाही, गाडी लावायला जागा नाही, भिंतीवर वायरींचे जाळे. ज्यांना वाड्याचे कौतुक आहे त्यांनी आधी आठवडाभर तिथे राहून स्वयंपाक करून बघावा. पण यातल्या बहुतेक गोष्टी सुटतात. माजघरात उजेड आणायला छपरात चार-सहा काचेची कौले पुरतात, गरम हवा जायला आढ्याजवळ झडप. संडास-बाथरूम जुन्या भिंतीत फोडाफोडी करून बसवायचे नाहीत. परड्याच्या बाजूला स्वतंत्र पायावर, घराला चिकटून, एकावर एक बांधायचे, म्हणजे गळती झाली तरी जुन्या लाकडाला लागत नाही आणि नळ बाहेरून जातो. आजी-आजोबांची खोली खाली, एका उंबऱ्यावर उताराची फळी. आड बुजवला नसेल तर पागोळ्यांचे पाणी गाळून त्यात सोडायचे. मधला चौक मात्र झाकायचा नाही. घराला श्वास तिथूनच मिळतो. चौकावर पत्रा टाकला की खालच्या सगळ्या खोल्या कोंदट होतात, भिंती ओलावतात आणि मग पंखे, एसी, दिवसाही दिवे सुरू होतात. एप्रिलच्या दुपारी दोन फुटी भिंतीच्या सोप्यात बसून बघा आणि मग त्याच गल्लीतल्या नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जा.

विजेबद्दल मात्र कडक राहायला हवे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासून उभे असलेले ते थिएटर डोळ्यांसमोर जळाले. त्या रात्री खासबागेत जमलेल्या कितीतरी लोकांना रडताना सगळ्यांनी पाहिले. त्या आगीचे कारण काय हा या पत्राचा विषय नाही. पण लाकडाच्या इमारतीत जुनी वायरिंग तशीच ठेवून तिच्यावर गीझर, एसी, इंडक्शन चढवायचे, हे पेठेतल्या घराघरांत चालले आहे. दुरुस्तीच्या परवानगीसोबत नवी वायरिंग, लाकडापासून अंतर राखून पाइपमधून नेलेली, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर सक्तीचा करा. मालक कुरकुरतील, तरी करा.

आता पैशाचा आणि भाडेकरूंचा गुंता. पेठेतल्या कितीतरी घरांत मालक एक, भाडेकरू चार, आणि भाडे अजून जुनेच. मालक म्हणतो, या भाड्यात मी कौल तरी बदलू का? भाडेकरू म्हणतो, दुरुस्तीच्या नावाखाली मला बाहेर काढायचा डाव आहे. दोघांचेही चूक नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने केले नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिन्याचे भाडे शे-दोनशे रुपये असेल तर तो चतुर्थांश वर्षाला तीनशे ते सहाशे रुपयेच होतो. त्यात एका भिंतीचीही दुरुस्ती होत नाही. त्याच कायद्यात दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून भाडेकरूला परत आणण्याची तरतूदही आहे. ती वापरली जात नाही, कारण परत येण्यावर कुणाचा विश्वास नाही. इथे महापालिका मधे उभी राहू शकते. दुरुस्तीच्या आदेशातच भाडेकरूचे नाव, त्याच्या खोलीचे माप आणि परत येण्याचा कालावधी लिहून द्या. एवढ्या एका कागदाने निम्मी भांडणे मिटतील.

मुंबईत १९६९ साली कायदा करून जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, दुरुस्ती उपकर बसवला गेला. त्या मंडळाच्या कामाबद्दल तक्रारी भरपूर आहेत, पण दुरुस्तीसाठी हक्काने जायचे एक दार तरी आहे. कोल्हापूरच्या पेठेतल्या माणसाला असे दारच नाही. मुंबईसारखे मंडळ मी मागत नाही. आपल्या नगररचना विभागात एक टेबल मागते.

त्या टेबलावर काय असावे? सर्वात आधी, दगड-माती-लाकडाच्या घरांसाठी वेगळा तपासणी नमुना. त्यात भिंत, जोते, खांब, तुळया, छप्पर, ओल, वायरिंग यांची स्थिती भागवार लिहायची, फोटो लावायचे आणि प्रत मालकाला द्यायची. आज मालकाच्या हातात फक्त निकाल पडतो, रोग कुठे आहे ते कळत नाही. सी-१ चा शिक्का मारण्याआधी अशा कामाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या इंजिनिअरचे मत घ्यावे, तोवर टेकू लावून, बोळ बंद करून धोका रोखावा. टेकू लावणे ही एका दिवसाची गोष्ट आहे.

दुसरे म्हणजे परवानगी. गिलावा, फरशी, कौले बदलणे अशा किरकोळ कामाला नियमावलीप्रमाणे परवानगी लागत नाही, पण खांब, तुळई, भिंतीचा भाग बदलायचा म्हटले की गाडी अडते. इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागा, पार्किंग, रस्तारुंदीची रेषा हे सगळे नव्या इमारतीचे प्रश्न जुन्या घरापुढे मांडले जातात. ज्या घराचा विस्तार वाढत नाही, उंची वाढत नाही, त्याला हे प्रश्न विचारू नयेत. आहे त्या पायावर, आहे त्या उंचीत, आहे त्या साहित्याशी जुळणारी दुरुस्ती असेल तर ठरलेल्या मुदतीत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर काही वर्षे घरफाळ्यात सूट दिली तर त्याचा परिणाम आपल्याला लगेच दिसेल. कोल्हापूरकर सवलत सोडत नाही.

हेरिटेज समितीला माझी विनंती वेगळी आहे. टाऊन हॉल, नवा राजवाडा, सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची इमारत, जुना राजवाडा यांना संरक्षण हवेच. पण यादीत नसलेल्या साध्या घरांची पाहणी कोणी करायची? कासार गल्लीपासून मिरजकर तिकटीपर्यंतची, पापाची तिकटी ते गंगावेसपर्यंतची जी रांगेतली दुमजली घरे आहेत, त्यांच्यात कोरीव काम नसेल, राजाची पायधूळ लागलेली नसेल, पण पेठेचा चेहरा त्यांचाच आहे. अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्यात संपादन आणि रुंदीकरण होईल, तेव्हा त्यातली किती घरे जाणार आणि रस्ता वळवून किती वाचवता येतील, याची मोजणी आधी होऊन ती जाहीर व्हावी. जी वाचतील त्यांत यात्रेकरूंसाठी खोल्या काढायला हरकत नाही, मात्र खालचा मजला यात्री निवास आणि वर घरमालकाचे कुटुंब अशी अट घाला. सगळीच घरे लॉज झाली तर संध्याकाळी पेठेत ओळखीचे माणूस उरणार नाही.

नव्या वापराची उदाहरणे आपल्या गावातच आहेत. १८७६ चा टाऊन हॉल आज वस्तुसंग्रहालय आहे. कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस, शाहू जन्मस्थळ, तिथेही संग्रहालय उभे राहिले. चंद्रकांत मांडरे यांनी राजारामपुरीतले राहते घर कलादालनासाठी दिले. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ पासून सुरू झालेल्या वसतिगृहांपैकी काहींत अजूनही खेड्यातली मुले राहून शिकतात. वापर न तुटणे हीच त्या इमारतींची खरी देखभाल ठरली. उलट रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस बघा. राजवाड्याचे हॉटेल झाले, हॉटेल बंद पडले आणि दारे लागली. म्हणून जुन्या इमारतीला एकाच मोठ्या व्यवसायाच्या भरवशावर सोडू नये. अभ्यासिका, पाळणाघर, दवाखाना, शिवणवर्ग, ज्येष्ठांचे विरंगुळा केंद्र, असे रोज वापरात राहणारे, पेठेला लागणारे काहीतरी तिथे असावे. १९०६ साली सुरू झालेल्या आणि २००३ मध्ये बंद पडलेल्या शाहू मिलच्या जागेचे काय करायचे, यावर अनेक वर्षे बोलणे चालू आहे. तिथे स्मारक जरूर व्हावे, पण गिरणीच्या उभ्या इमारती आत घेऊन व्हावे. तिच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळे लागत होती अशी माणसे अजून राजारामपुरीत आहेत.

कारागिरांचा प्रश्न शेवटी ठेवला तरी तो सर्वात निकडीचा आहे. चुना मळणारे, त्याची घट्टाई हाताने ओळखणारे गवंडी आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालून केलेला चुना किती दिवस भिजवायचा, तो आडव्या पावसात कसा झाकायचा, हे त्यांच्याकडून शिकून घेतले नाही तर पुढच्या दहा वर्षांत पैसे असूनही काम होणार नाही. महापालिकेने आयटीआय आणि शहरातल्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संघटनांना सोबत घेऊन एक प्रत्यक्ष कामाचा वर्ग सुरू करावा. वर्गासाठी वेगळी इमारत नको. महापालिकेच्या ताब्यातल्या जुन्या शाळांपैकी एक निवडा आणि तिची दुरुस्ती हाच अभ्यासक्रम ठेवा. शिवाय उतरवलेल्या घरांचा दगड, लाकूड, कौले जमा करून माफक दरात दुरुस्तीला देणारा एक डेपो हवा. आज जुन्या मापाचे एक मंगलोरी कौल शोधायला माणसाला चार गावे फिरावी लागतात.

चुन्याचे काम पावसात होत नाही. दसऱ्यानंतर सुरू करून वळवाच्या आत संपवावे लागते. म्हणून तपासणीचा नमुना आणि दुरुस्ती परवानगीचा निर्णय दसऱ्याआधी झाला तर येणारा हंगाम हाती लागेल, नाहीतर आणखी एक पावसाळा आणि आणखी काही घरे जातील. मी माझ्या कामात वापरते तो तपासणी नमुना मराठीत लिहून तयार आहे. तो विनामोबदला आपल्या विभागाला द्यायला, त्यावर चर्चेला बसायला आणि सुरुवातीच्या काही घरांची पाहणी आपल्या अभियंत्यांबरोबर करायला मी तयार आहे. पाहणीच्या दिवशी सुतार आणि गवंडी मी घेऊन येईन. आपण फक्त घरे आणि तारीख कळवा.

कळावे,
आपली विश्वासू,
शुक्रवार पेठेतली एक स्ट्रक्चरल इंजिनिअर